काचेच्या पेटीत खाली काय अंथरावे?

कामठीत ‘ड्रॅगन’ म्हटले की ड्रॅगन पॅलेस आठवते. १९९९ साली उभे राहिलेले हे बौद्ध मंदिर पाहायला लांबलांबून लोक येतात. त्यामुळे मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला माझ्या भाच्याने फोनवर ‘खाला, आमच्या घरी ड्रॅगन आलाय’ असे सांगितले, तेव्हा मला वाटले, एखादे खेळणे आणले असेल. संध्याकाळी वारिसपुऱ्यात बहिणीकडे गेले. समोरच्या खोलीत माशांची जुनी काचेची टाकी होती. तिच्यात वीतभर लांबीचा, मातकट रंगाचा, गळ्याभोवती काटेरी खवले असलेला प्राणी पिवळ्या बल्बखाली डोळे मिटून पडला होता. ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणजे दाढीवाला सरडा. घाबरला किंवा चिडला की हनुवटीखालचा भाग फुगवतो, तो काळा पडतो आणि दाढीसारखा दिसतो, म्हणून हे नाव.

नववीतल्या पोराने दोन ईदांची ईदी साठवून तो नागपूरहून आणला होता. बहिणीच्या सासूबाई, म्हणजे पोराची दादी, तसबीह हातात धरून लांबूनच पाहत होत्या. ‘घरात सरडे पाळतात का कुणी?’ हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. माझे लक्ष गेले ते टाकीच्या तळाकडे. तिथे दोन बोटे जाडीची पांढरी वाळू पसरलेली होती. दुकानदाराने प्राण्याबरोबर वाळूचे पाकीट दिले होते आणि सांगितले होते की ही कॅल्शियमची वाळू आहे, पोटात गेली तरी फायदाच होतो. पुढे पाकीट संपले तेव्हा भाच्याने डोके चालवले. आपल्या कन्हानची वाळू सगळ्या नागपूरची घरे बांधायला जाते, मग या छोट्या घराला का नको? शेजारी बांधकाम चालू होते. तिथून घमेलेभर वाळू मागून आणली, चाळली, धुतली, उन्हात वाळवली आणि टाकीत पसरली. सगळ्यांनी कौतुक केले. प्राणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, त्याला वाळूच आवडणार, असे मलाही वाटले.

जानेवारीत त्याने खाणे सोडले. आठवडा झाला तरी विष्ठा नाही. पोट टणक लागू लागले आणि एका सकाळी तो मागचे पाय ओढत चालताना दिसला. भाचा रडवेला झाला. त्याच्या अब्बूंनी त्या दिवशी कामाला सुट्टी घेतली. एका बुटांच्या खोक्यात मऊ कापडात गुंडाळून, बाजूला कोमट पाण्याची बाटली ठेवून ते त्याला नागपूरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक्स-रेमध्ये पोटाच्या जागी पांढऱ्या ठिपक्यांचा गोळा दिसत होता. ती वाळू होती.

वाळू पोटात जाते कशी?

डॉक्टरांनी पोराला रागावले नाही. त्यांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक पाळणाऱ्याला माहीत असायला हवे.

हा प्राणी जिभेने जग ओळखतो. नवी जागा, नवी वस्तू, नवा वास असला की तो जमिनीला, दगडाला जीभ लावतो. जिभेला चिकटलेले कण तोंडाच्या टाळूत असलेल्या वास ओळखणाऱ्या अवयवापर्यंत पोहोचतात. तळाशी सुटी वाळू असेल तर प्रत्येक वेळी थोडी वाळू तोंडात जाते. शिवाय तो किड्यांवर झडप घालतो तेव्हा किड्याबरोबर चिमूटभर वाळूही उचलतो. ओल्या भाजीला वाळू चिकटते ती वेगळीच. निरोगी, मोठा, ऊब मिळणारा प्राणी यातली थोडीफार वाळू विष्ठेवाटे बाहेर टाकतो. लहान पिल्लाचे आतडे अरुंद असते. तिथे ती साचत जाते आणि शेवटी वाट बंद होते.

पण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला महत्त्वाची वाटली. दोष एकट्या वाळूचा नव्हता. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीरात स्वतःची ऊब तयार होत नाही. अन्न पचायला त्याला बाहेरून उष्णता लागते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. टाकीतला साधा पिवळा बल्ब रात्री बंद केला जाई आणि सकाळी शाळेच्या घाईत उशिरा लागे. पचनच थंडावले होते. दुसरे म्हणजे त्या बल्बमधून अतिनील किरणे मिळत नव्हती. ती नसली की शरीरात ड जीवनसत्त्व बनत नाही आणि खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडे मऊ पडतात, आतड्याचे स्नायू कमजोर होतात. कॅल्शियम कमी पडलेला प्राणी मुद्दाम माती-वाळू चाटू लागतो, हेही दिसून येते. म्हणजे गारठा, कमजोरी आणि सुटी वाळू हे तिन्ही एकत्र आले होते. यातले सगळ्यात सहज टाळता येण्यासारखे होते ते तळाशी काय अंथरले आहे तेच.

कॅल्शियमच्या वाळूचे पाकीटही यातून सुटत नाही. ‘पचणारी वाळू’ म्हणून ती विकली जाते आणि प्राण्यालाही ती खाण्याजोगी वाटते, हाच तिचा धोका. ओल लागली की तिचे गोळे होतात. कॅल्शियम द्यायचे ते किड्यांवर पूड भुरभुरून मोजून द्यावे. जमिनीवरून चाटायला ठेवू नये.

मुळात ‘वाळवंटातला प्राणी’ ही समजूतही अर्धीच खरी आहे. हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या कोरड्या प्रदेशात राहतो. तिथली जमीन बहुतेक ठिकाणी उन्हाने भाजून घट्ट झालेली, माती-वाळूची मिसळ असते. त्यात झुडपे, ओंडके आणि खडक असतात. तो बराच वेळ फांदीवर, कुंपणाच्या खांबावर किंवा दगडावर चढून ऊन खात बसतो. पाय रुततील अशा मोकळ्या वाळूच्या ढिगात नाही.

मग अंथरावे काय?

नियम सोपा आहे. जे गिळता येणार नाही, जे कोरडे राहील आणि जे रोज साफ करता येईल तेच अंथरावे. आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात मिळणाऱ्या वस्तूंतच दोन उत्तम पर्याय आहेत.

पहिला पर्याय कागदाचा. पिल्लू, नुकताच आणलेला प्राणी किंवा आजारी प्राणी असेल तर दुसरा विचारच करू नये. स्वयंपाकघरात वापरतात तो जाड टिश्यू पेपर दोन-तीन पदर करून पसरावा. विष्ठा झाली की तेवढा तुकडा उचलून टाकायचा. कागदावर विष्ठेचा रंग, घट्टपणा आणि तिच्यातला पांढरा भाग स्पष्ट दिसतो. हा पांढरा भाग म्हणजे त्याची लघवी. ती मऊ आणि पांढरी असेल तर पाणी पुरेसे मिळते आहे. पिवळी आणि खडखडीत झाली तर पाणी कमी पडते आहे. वाळूत हे काहीच कळत नाही. भाच्याच्या घरी आठवडाभर विष्ठा झाली नाही हे उशिरा लक्षात आले, त्याचे कारणही वाळूच होते.

बहुतेक इंग्रजी पुस्तके इथे ‘वर्तमानपत्र’ सुचवतात. आपल्या घरात मात्र थांबून विचार करावा लागतो. उर्दू असो की मराठी, वर्तमानपत्रात अल्लाहचे नाव असते, आयतींचा तर्जुमा असतो, प्रेषितांची नावे असतात. जाहिरातीत नि मयतीच्या खबरीतही अब्दुल्लाह, अब्दुर्रहमान अशी नावे येतात. असा कागद कोणत्याही प्राण्याच्या पायाखाली, विष्ठेखाली जाता कामा नये. त्यासाठी छापखान्यात कोऱ्या न्यूजप्रिंटचे तुकडे मागावेत. छपाईनंतर उरलेल्या कागदाच्या पट्ट्या किलोने, अगदी स्वस्तात मिळतात. मुलांच्या वापरलेल्या वह्याही घेऊ नयेत, त्यात दीनियातचा धडा कुठे असेल सांगता येत नाही. कोरा कागद घेतला की मनाला खटका राहत नाही.

दुसरा पर्याय फरशीचा. मोठ्या, निरोगी प्राण्यासाठी मला सर्वांत पसंत पडला तो हाच. जुन्या घरांत असते तशी बिनपॉलिशची, खडबडीत शहाबादी फरशी घ्यावी. ती दिव्याखाली तापते आणि ऊब धरून ठेवते, त्यामुळे पोटाखालून शेक मिळतो. खडबडीत असल्याने पाय घसरत नाहीत आणि नखे आपोआप झिजतात. गिळायला काहीच नाही. धुतली की पुन्हा नवी. फरशीवाल्याकडे टाकीचे माप घेऊन जावे आणि दोन किंवा तीन तुकडे करून घ्यावेत, म्हणजे उचलून धुता येते. कडा घासून बोथट करून घ्याव्यात. खाली जाड पुठ्ठा ठेवावा, नाहीतर वजनाने काच तडकू शकते. तुकड्यांमध्ये फट ठेवू नये, कारण फटीत किडे लपतात आणि घाण साचते. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल मात्र नको. तिच्यावर पाय फाकतात, चालताना सतत घसरतो आणि सांध्यांवर ताण येतो. तशी टाइल घरात पडून असेल तर तिची मागची खरखरीत बाजू वर करून वापरावी.

तिसरा पर्याय मातीचा आहे, पण तो अनुभव असलेल्यांसाठी. खत किंवा औषध न घातलेली साधी माती आणि बारीक धुतलेली वाळू मिसळायची. मातीचा वाटा मोठा ठेवायचा. मिसळ ओली करून घट्ट ठोकायची आणि पूर्ण वाळवायची, म्हणजे घराच्या सारवलेल्या अंगणासारखी टणक जमीन तयार होते. काही जाणकार मोठ्या प्राण्याला उकरायला मिळावे म्हणून अशी जमीन देतात. पण ती भुसभुशीत झाली तर सुट्या वाळूचाच धोका परत येतो. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये.

काय अंथरू नये

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या आणि म्हणूनच मोहात पाडणाऱ्या वस्तूंची ही यादी.

आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा आणि छिलके नकोत. चीड आणि देवदारसारख्या लाकडांतील तेलाचा उग्र वास बंद पेटीत श्वसनाला त्रास देतो, धूळ डोळ्यांत जाते आणि तुकडे पोटात.

कोंबड्यांच्या शेडमध्ये धानाचे तूस टाकतात. कोंबडीला ते चालते, याला नाही. त्याच्या टोकांनी तोंड आणि आतडे सोलवटते.

रोपवाटिकेतले कोकोपीट ओल धरून ठेवते. या प्राण्याला कोरडी हवा लागते. ओलाव्यात त्याच्या कातडीला बुरशी लागते. या जातीत पिवळ्या बुरशीचा एक चिवट रोग होतो, तो कातडीपासून आत पसरतो आणि अनेकदा जीव घेतो.

अक्रोडाच्या कवचाचा भुगा, मक्याच्या कणसाचा भुगा, मांजरांची वाळू आणि माशांच्या टाकीतले रंगीत खडे यांपैकी काहीही नको. पहिल्याच्या कडा धारदार असतात, बाकीचे पोटात फुगतात किंवा अडकतात. दगड ठेवायचाच असेल तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठा ठेवावा.

हिरवी गवतासारखी चटई आणि धाग्यांचा गालिचा दिसायला छान दिसतात. पण त्यांच्या धाग्यांत नख अडकून उपटले जाते आणि कितीही धुतले तरी जंतू आत राहतात.

मादी असेल तर

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मोठी झालेली मादी नर नसतानाही अंडी घालू शकते, जशी कोंबडी घालते. ती अंडी उबत नाहीत, पण घालायला जागा हवी. मादी अस्वस्थ होऊन फरशी उकरू लागली, पोट फुगलेले दिसले, तर एका मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये वीतभर खोल माती-वाळूची मिसळ द्यावी. ती मुठीत दाबली तर लाडू वळेल इतकीच ओली असावी. उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि ते वाळूच्या गोळ्याइतकेच घातक असते. अंडी घालून झाली की टब काढून घ्यावा.

आपल्याकडचे तीन ऋतू

इंग्रजी पुस्तके थंड देशांसाठी लिहिलेली असतात. कामठीचा उन्हाळा त्यांच्या लेखकांनी पाहिलेला नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. या प्राण्याला दिव्याखालच्या जागी साधारण चाळीस अंश आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस-अठ्ठावीस अंश हवेत, म्हणजे त्याला ऊब आणि सावली यांतून निवड करता येते. आपल्या उन्हाळ्यात सगळी पेटीच तापते आणि निवड उरत नाही. दुपारी उष्णतेचा दिवा बंद ठेवावा, पेटी खिडकीच्या उन्हात कधीही ठेवू नये, दगडी फरशी थंड बाजूला राहील असे पाहावे. पृष्ठभागाचे तापमान हाताने ओळखू नये, साधा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. आणि कूलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नये. कूलरची हवा थंड असते तशीच ओलीही असते. त्या ओलाव्याने कागद सर्द होतो आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

पावसाळ्यात कागद रोज बदलावा, तो दिसायला स्वच्छ असला तरी. फरशी धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय परत ठेवू नये. दोन जोड करून ठेवले तर बरे पडते, एक वापरात आणि एक वाळत.

हिवाळ्यात रात्री पेटीवर जाड चादर टाकावी, हवेला वाट ठेवून. दिवसा दिवा वेळेवर लावावा. गरम अंगानेच अन्न पचते, म्हणून संध्याकाळी उशिरा खायला देऊ नये. खाल्ल्यानंतर दोन-तीन तास ऊब मिळायला हवी.

मुंग्या तिन्ही ऋतूंत येतात, कारण पेटीत किडे आणि भाजी असते. त्या टाळण्यासाठी मुंग्यांचा खडू किंवा फवारा पेटीजवळ वापरू नये. विष तळाच्या कागदाला लागते आणि जिभेवाटे पोटात जाते. जुन्या घरांत जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तोच उपाय पेटीच्या टेबलाला करावा. डासांची कॉइल, अगरबत्ती, लोबान यांचा धूरही त्या खोलीत नको.

पाकी आणि हात धुणे

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून आणि अंगावरून जंतू माणसापर्यंत पोहोचतात. ताप, जुलाब, पोटदुखी होते. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने, सीडीसीने, याच दाढीवाल्या सरड्यांमुळे पसरलेल्या आजाराच्या साथी नोंदवल्या आहेत. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना धोका जास्त असतो. घरात तान्हे बाळ असेल तर हा शौक काही वर्षे पुढे ढकलावा.

प्राण्याला, कागदाला किंवा फरशीला हात लागला की साबणाने हात धुवावेत. त्याचे मुके घेऊ नयेत. फरशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा वुजूच्या जागी धुऊ नये. अंगणात किंवा संडासाजवळच्या नळावर वेगळ्या बादलीत धुवावी. आधी गरम पाणी आणि साबण, मग भरपूर पाणी, मग ऊन. फिनाईल वापरू नये, ते सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरते. विष्ठा नापाक आहे, म्हणून त्याला जानमाजवर, अंथरुणावर फिरू देऊ नये. नमाजच्या खोलीत पेटी नसलेलीच बरी.

दादींचा प्रश्न

आता दादींच्या प्रश्नाकडे. त्यांना आठवत होती ती पालीबद्दलची हदीस. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये ‘वज़ग’ या प्राण्याला मारण्याचा उल्लेख आहे आणि वज़ग म्हणजे घरातली पाल, असा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. पण त्याच संग्रहांत ‘दब्ब’ या वाळवंटी सरड्याचाही प्रसंग आहे. त्याचे मांस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आले, त्यांनी स्वतः खाल्ले नाही आणि हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी खाल्ले तेव्हा त्यांना मनाई केली नाही. म्हणजे सगळे सरडे एका पारड्यात घालता येत नाहीत. पाळणे आणि खरेदी-विक्री याबाबत ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना आधी विचारावे, आणल्यानंतर नव्हे.

पाळल्यावरची जबाबदारी मात्र कुणीही नाकारत नाही. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, तिला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे शोधून खायला मोकळे सोडलेही नाही. मांजर मेले आणि ती स्त्री अजाबास पात्र ठरली, ही हदीस आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. तिच्यातला दोष मांजर बाळगण्याचा नाही. बंद करून तिच्या गरजांची वाट बंद करण्याचा आहे. पेटीतला प्राणी ऊब शोधायला बाहेर जाऊ शकत नाही आणि पायाखालची वाळू बदलू शकत नाही. आपण जे अंथरू त्यावरच त्याला राहावे, चालावे, खावे लागते.

दुसरी हदीस हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैर यांची. त्यांच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या उदास मुलाची आपुलकीने विचारपूस केली. मुलाचा प्राण्यावर जीव जडणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे त्यातून कळते.

आणण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी पालकांनी पाहाव्यात. पहिली कायद्याची. आपल्या देशातली घोरपड, तारा कासव, पोपट यांना घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘सरडा चालतो तर घोरपडीचे पिल्लू का नको’ असे मुलांना वाटू देऊ नये. परदेशी प्राण्यांपैकी जे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत त्यांची २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कोणताही परदेशी प्राणी घेण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात विचारावे आणि दुकानातून पक्की पावती घ्यावी. नको झाला म्हणून तो कन्हानच्या काठी सोडून देणे हा मार्ग नाही. दुसरी आयुष्याची. हा प्राणी नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षे जगतो. नववीतला मुलगा तोवर कॉलेज संपवून नोकरीला लागलेला असेल, कदाचित दुसऱ्या शहरात. मग कागद कोण बदलणार? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘अम्मी’ असे असते, म्हणून अम्मीला आधी विचारा. तिसरी डॉक्टरांची. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर थोडे असतात. कामठीहून पंधरा-सोळा किलोमीटरवर, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा खासगी दवाखान्यात असे प्राणी पाहतात का, हे प्राणी आणण्यापूर्वीच चौकशी करून फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

कधी थांबू नये

खाणे बंद आणि त्याबरोबर अनेक दिवस विष्ठा नाही, पोट टणक, जोर लावूनही काही होत नाही, मागचे पाय ओढणे, अंगात त्राण नसणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती इलाज करत बसू नये. कोमट पाण्यात पोट बुडेल इतपत बसवणे हा एक सौम्य उपाय आहे. पण एरंडेल पाजणे किंवा पोट दाबणे यांनी जीव जाऊ शकतो.

भाच्याच्या सरड्याला डॉक्टरांनी सलाइन दिले, कॅल्शियम दिले आणि तोंडावाटे औषध चालू केले. घरी रोज दोनदा कोमट पाण्यात बसवायचे होते. पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी तेच करी. पाचव्या दिवशी टिश्यू पेपरवर वाळूने भरलेली विष्ठा पडली. त्या पोराने ती सगळ्या घराला बोलावून दाखवली. दादीही पाहायला आल्या आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणाल्या. इतक्या घाणेरड्या वस्तूवर त्यांनी ते म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

आता टाकीत शहाबादी फरशीचे दोन तुकडे आहेत, बदलीसाठी दोन अंगणात वाळत असतात. अतिनील किरणांचा दिवा लागला आहे. किडे आणि भाजी बशीत दिली जाते. उरलेली कन्हानची वाळू भाच्याने परत बांधकामावर नेऊन टाकली. मागचे पाय पूर्ण सुधारायला वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणाले आहेत. तो अजून थोडा लंगडतो. पण सकाळी दिवा लागला की फरशीवर येऊन पोट टेकून बसतो आणि दादी जवळून गेल्या की मान वर करून पाहतो.